सहोदर : चार्ली चॅप्लिन आणि त्याचे दोन भाऊ

भाऊ या शब्दामागे सख्खा, सावत्र, चुलत, मावस, आते, मामे असे काही ना काही विशेषण लावल्यावाचून आपले समाधान होत नाही. नाते किती जवळचे मानावयाचे आणि त्यावर किती हक्क सांगावयाचा, याचा निवाडा त्या विशेषणाने होतो. संस्कृतात मात्र 'सहोदर' असा एक सुंदर शब्द आहे. एका उदरातून जन्मास आलेले ते सहोदर. पिता कोण, आडनाव कोणते, हा प्रश्न त्या शब्दाला पडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्याच्या कामी प्रस्तुत लेखकाचा थोडासा हातभार लागला होता. पुनर्विवाह करून आमच्या घरात आलेल्या एका स्त्रीचे पहिल्या घरचे मूल कोणत्या शाखेत दाखवावे, की मुळीच दाखवू नये, या एका प्रश्नावर आमच्या दोन बैठका खर्ची पडल्या. शेवटी ते नाव तळटीपेतही आले नाही. ज्या गृहस्थाविषयी हा वाद झाला त्याने आपल्या धाकट्या भावंडांची शिक्षणे स्वतःच्या पगारातून केली होती, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. पण वंशवृक्षाला तशी फांदी काढता येईना. त्या दिवसांत मी चार्ली चॅप्लिनचे चरित्र वाचीत होतो. जगाला हसविणाऱ्या त्या नटाच्या घरची हकीकत आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, असे तेव्हापासून मनात होते.

चॅप्लिन म्हटले की एकट्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे येते. आखूड कोट, ढगळ विजार, हातात वेताची काठी, आणि लांबच लांब रस्त्याने पाठमोरा जाणारा भणंग. त्याच्या कर्तृत्वाविषयीही आपण असेच एकट्याचे बोलतो. लेखक तोच, नट तोच, दिग्दर्शक तोच, निर्माता तोच, आणि १९३१ च्या 'सिटी लाइट्स'पासून संगीतकारही तोच. हे सर्व खरे आहे. तथापि हा एकटा पुरुष ज्या खांद्यावर उभा राहून वर चढला, तो खांदा त्याच्या थोरल्या भावाचा होता. आणि त्या भावाचे व त्याचे पिते निरनिराळे होते.

त्यांची माता हॅना हिल ही लंडनच्या म्युझिक हॉलमधील गायिका. रंगभूमीवर ती लिली हार्ली हे नाव लावीत असे. १६ मार्च १८८५ रोजी तिला पहिला मुलगा झाला, तो सिडनी. त्या वेळी तिचा विवाह झालेला नव्हता. मुलाची नोंद तिच्या माहेरच्या आडनावाने झाली. त्याच वर्षीच्या जून महिन्यात चार्ल्स चॅप्लिन या गायकाशी तिने लग्न केले आणि सिडनीला चॅप्लिन हे नाव मिळाले. १६ एप्रिल १८८९ रोजी दुसरा मुलगा चार्ली जन्मला. पुढे पती मद्याच्या आहारी गेला, दोघे विभक्त झाली, आणि लिओ ड्रायडन नावाच्या दुसऱ्या एका गायकापासून १८९२ मध्ये तिला तिसरा मुलगा झाला. त्याचे नाव व्हीलर. हे मूल वर्षाचेही झाले नसता त्याचा बाप त्याला उचलून घेऊन गेला. मातेची व त्या बालकाची ताटातूट झाली ती कित्येक वर्षांची.

एक माता, तीन पुत्र, तीन पिते. आपल्या कुलवृत्तांताच्या पद्धतीने पाहिले तर ही तीन निराळी घराणी होत. तसे पाहू नये, हे हॅनाने आपल्या मुलांना कधी शब्दांनी शिकविले असेल असे वाटत नाही. तिच्यापाशी शिकविण्याजोगे दुसरेच काही होते. खिडकीशी बसून रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्या माणसांच्या ती नकला करीत असे. चालण्यावरून माणसाच्या मनात काय आहे ते सांगत असे. आपल्या मूकाभिनयाचे मूळ आईच्या त्या नकलांत आहे, हे चार्लीने पुढे वारंवार सांगितले.

तिचा आवाज लवकरच बसला. आल्डरशॉट येथील रंगमंचावर तिचा गळा फुटला, प्रेक्षकांनी गोंधळ घातला, आणि पाच वर्षांच्या चार्लीला व्यवस्थापकाने तिच्या जागी उभे केले. पोराच्या गाण्यावर खूश होऊन लोकांनी नाणी फेकली, तेव्हा गाणे थांबवून त्याने आधी नाणी वेचून घेतली आणि लोक अधिकच हसले. ही कथा चार्लीने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. नटांच्या आठवणींत अशा कथांना थोडे पॉलिश चढतेच. परंतु त्या दिवसानंतर आई पुन्हा रंगमंचावर उभी राहू शकली नाही, हे तिच्यातील सत्य जिव्हारी लागणारे आहे.

मग शिवणकाम आले, भाड्याचे शिवणयंत्र आले, आणि हप्ता थकताच ते परतही गेले. १८९६ मध्ये माता व दोघे मुलगे लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये दाखल झाली. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना अन्नवस्त्र देऊन त्यांजकडून काम करून घेणारे सार्वजनिक आश्रयगृह. पण दारातच स्त्रिया, पुरुष व मुले यांना वेगळे करण्यात येई. तेथून मुलांची रवानगी हॅनवेल येथील अनाथ व दरिद्री मुलांच्या शाळेत झाली. अकरा वर्षांच्या सिडनीला थोड्याच महिन्यांत 'एक्समथ' नावाच्या शिक्षणनौकेवर पाठविण्यात आले. तेथे तो खलाशीकाम शिकला आणि बिगुल वाजवू लागला. सात वर्षांचा चार्ली हॅनवेलमध्ये एकटा राहिला.

या काळातील एक प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १८९८ मध्ये तिघेही पुन्हा वर्कहाऊसमध्ये आली होती. आईने एके दिवशी अधिकाऱ्यांना कळविले की, आम्ही येथून जातो. नियमाप्रमाणे तिघांचे मूळचे कपडे परत देण्यात आले. बाहेर पडल्यावर जावयाचे कोठे? सिडनीच्या खिशात नऊ पेनी होते. त्यांतून त्यांनी अर्धा पौंड चेरीची फळे घेतली आणि केनिंग्टन पार्कमध्ये बाकावर बसून खाल्ली. सिडनीने वर्तमानपत्राचा कागद चुरगाळून त्याला दोरा गुंडाळला, चेंडू केला, आणि तिघे बराच वेळ झेलाझेली खेळली. उरलेल्या पैशांत चहा झाला, थोडे खाणे झाले. संध्याकाळी तिघे पुन्हा वर्कहाऊसच्या दारात येऊन उभी राहिली. पुन्हा सारे नोंदणीचे सोपस्कार, पुन्हा कपडे वाफविण्यास, पुन्हा ताटातूट. एक दिवस एकत्र राहता यावे एवढ्यासाठी त्या बाईने एका सरकारी यंत्रणेला असा वळसा घातला होता! चॅप्लिनच्या चित्रपटांत शिपाई व अधिकारी यांची जी गंमत उडते, तिचा उगम शोधणाऱ्यांनी या बागेत जरूर डोकवावे.

थोड्याच दिवसांत आईला वेड लागले आणि तिला केन हिलच्या मनोरुग्णालयात नेण्यात आले. मुले काही काळ बापाच्या घरी राहिली. तेथे बापासोबत राहणारी लुईस नावाची स्त्री होती, आणि तिचा सारा राग सिडनीवर. चार्ली निदान त्या घराच्या रक्ताचा होता. सिडनीचा त्या घराशी नावापलीकडे संबंध नव्हता. नाव दिले म्हणजे घर दिले असे होत नाही, हे त्या तेरा वर्षांच्या मुलास तेथे कळले असावे. १९०१ मध्ये मद्यपानाने बाप मरण पावला.

सिडनी तोवर कमावता झाला होता. आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटीवर तो बिगुलवाला व वाढपी म्हणून नोकरीस लागला. फेरीहून आला की बक्षिसीचे पैसे आईच्या ओटीत पडत. त्याच्याजवळ बाहेर नेसण्याजोगा एकच पोशाख होता. तो सोमवारी सात शिलिंगांस गहाण पडे आणि शनिवारी सुटून येई. आपल्यापैकी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सावकाराकडे भांडी ठेवून सण साजरे केले असतील, त्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९०३ मध्ये आईचे मन पुन्हा ढळले. सिडनी समुद्रावर होता. चौदा वर्षांच्या चार्लीने तिला हाताला धरून पायी दवाखान्यात नेले, आणि त्यानंतर भाऊ परत येईपर्यंत अधिकाऱ्यांनी आपणास पुन्हा अनाथालयात टाकू नये म्हणून तो घरमालकिणीलाही चुकवीत, मिळेल ते खात दिवस काढीत राहिला. सिडनी आला आणि त्याने सर्व भार उचलला. त्याच वर्षी 'शेरलॉक होम्स' नाटकातील बिली नावाच्या पोऱ्याची भूमिका चार्लीला मिळाली. पोराला नीट वाचताही येत नव्हते. सिडनीने संहिता मोठ्याने वाचून वाचून पस्तीस पाने त्याच्याकडून तीन दिवसांत पाठ करून घेतली. पुढे त्याच दौऱ्यात चार्लीने खटपट करून सिडनीलाही काम मिळवून दिले. या घराची रीत अशी पडली, की एकजण आधी पोचावयाचा आणि मग दुसऱ्याला ओढून घ्यावयाचा.

फ्रेड कार्नो हा इंग्लंडमधील विनोदी मूकनाट्यांचा नावाजलेला निर्माता होता. सिडनी १९०६ मध्ये त्याच्या मंडळीत गेला, विनोदी नट म्हणून त्याने नाव मिळविले, आणि आपल्या धाकट्या भावाला एकदा संधी द्या म्हणून तो मालकाच्या मागे लागला. कार्नोला हा फिकट, लाजाळू मुलगा पसंत पडला नव्हता. सिडनीच्या शब्दावर त्याने १९०८ च्या फेब्रुवारीत दोन आठवड्यांची परीक्षा घेण्याचे मान्य केले. ती परीक्षा उतरली. कार्नोच्या मंडळीबरोबर चार्ली दोनदा अमेरिकेस गेला, आणि १९१३ मध्ये कीस्टोन या चित्रपट कंपनीने त्याला दर आठवड्यास १५० डॉलर देऊन ठेवून घेतले.

यापुढील भाग सर्वविश्रुत असल्यामुळे मी तो भरभर सांगतो. १९१४ च्या आरंभी त्याचा पहिला चित्रपट आला; भणंगाचा वेष तेथेच जन्मला. इतर दिग्दर्शकांशी त्याचे पटेना. आपला चित्रपट दाखविण्यालायक न निघाल्यास भरपाई म्हणून स्वतःच्या शिलकीतील १५०० डॉलर देतो, असे सांगून त्याने दिग्दर्शनाचा हक्क मागून घेतला, आणि वर्ष संपण्यापूर्वी तो आपल्या बहुतेक सर्व चित्रपटांचा दिग्दर्शक झाला होता. विनोदी नटाचा चित्रपटकार झाला तो असा. त्याच ऑगस्टमध्ये त्याने सिडनीला पत्र लिहून आपले बस्तान बसल्याचे कळविले. नोव्हेंबरात सिडनी कीस्टोनमध्ये दाखल झाला. त्याला आठवड्यास २०० डॉलर ठरले, म्हणजे चार्लीला त्या वेळी मिळत होते त्यापेक्षा पंचवीस अधिक!

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. सिडनी हा काही भावाच्या पुण्याईवर जगणारा माणूस नव्हता. १९१५ च्या 'अ सबमरीन पायरेट' या चित्रपटाने त्याला स्वतःची लोकप्रियता मिळाली होती. तो स्वतंत्र नट म्हणून उभा राहू शकला असता. परंतु चार्लीचे नाव एव्हाना इतके झाले होते की, त्याच्या बाहुल्या, त्याची चित्रे, त्याच्या नावाची गाणी यांचा बाजारात सुळसुळाट झाला होता, आणि त्यातील एक पैही त्याच्या पदरी पडत नव्हती. चार्लीला व्यवहार समजत नसे, समजून घेण्याची इच्छाही नसे. सिडनीने कीस्टोनमधील मुदत संपताच स्वतःची भूमिका बाजूस ठेवली आणि भावाचे कारभारीपण पत्करले.

त्या कारभाराचे फळ आकड्यांत सांगता येते. १९१६ च्या फेब्रुवारीत सिडनीने न्यूयॉर्क येथे म्युच्युअल कंपनीशी करार ठरविला. त्यात आठवड्यास १०,००० डॉलर आणि करारावर सही करण्याबद्दल १,५०,००० डॉलर होते. वर्षाची बेरीज ६,७०,००० डॉलर. चार्ली तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी फर्स्ट नॅशनलशी आठ चित्रपटांचा दहा लाख डॉलरांचा करार झाला, आणि १९१८ च्या आरंभी हॉलिवूडमध्ये चॅप्लिनचे स्वतःचे चित्रमंदिर, म्हणजे चित्रपट तयार करण्याचे स्वतःचे आवार, सुरू झाले. १९१९ मध्ये मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स व ग्रिफिथ यांच्यासह 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही कलावंतांच्याच मालकीची वितरणसंस्था निघाली, तिच्या मागील हालचालींतही सिडनी होता. पैशाकरिता कोणासमोर मान न वाकविता, एकेका चित्रपटावर वर्षे घालविण्याची जी चैन चॅप्लिनला पुढे करता आली, तिचा पाया या तीन वर्षांत घातला गेला. एक पोशाख सोमवारी गहाण ठेवून शनिवारी सोडविणाऱ्या मुलाने तो घातला, हे विसरता येत नाही.

मधूनमधून सिडनी भावासमोर कॅमेऱ्यापुढेही उभा राहिला. १९१८ च्या 'अ डॉग्ज लाइफ'मध्ये तो खाण्याच्या गाडीचा मालक आहे. भुकेला चार्ली त्याची पाठ वळताच ताटलीतील केक एकामागून एक गट्ट करतो. सिडनी वळतो, ताटलीकडे पाहतो, चार्लीकडे पाहतो, चार्ली निर्विकार! दोघे भाऊ समोरासमोर इतका वेळ क्वचितच दिसले. हा प्रवेश पाहताना बरोबरीच्या दोन नटांचे कसब दिसते आणि त्याहीपेक्षा एका ताटातले खाऊन वाढलेल्या माणसांचा अंदाज दिसतो. कोण केव्हा वळणार हे दुसऱ्याला आधीच ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या 'शोल्डर आर्म्स'मध्ये सिडनीने जर्मन कैसर रंगविला, १९२३ च्या 'द पिल्ग्रिम'मध्ये तर एकाहून अधिक भूमिका केल्या.

१९१९ च्या जुलैत चार्लीचे पहिले अपत्य तीन दिवसांचे होऊन वारले. पुढे थोड्याच काळात त्याने 'द किड'ला हात घातला. टाकून दिलेले मूल एका भणंगाला सापडते, तो त्याला वाढवितो, आणि अनाथालयाचे अधिकारी गाडीत घालून त्याला नेऊ लागताच छपरांवरून धावत जाऊन सोडवून आणतो. या चित्रपटात बाप व मूल यांच्यात रक्ताचे नाते नाही. आणि ते नसल्याची प्रेक्षकाला आठवणसुद्धा होत नाही. हॅनवेलच्या वाटेवर चार्लीला कोणी सोडवून आणले नव्हते. १९२१ मध्ये हा चित्रपट जगभर दाखविला गेला, आणि त्याच वर्षी दोघा भावांनी आईला इंग्लंडहून कॅलिफोर्नियात आणले. समुद्रकाठच्या घरात, सेवेकऱ्यांच्या देखरेखीखाली तिने उरलेली वर्षे काढली. २८ ऑगस्ट १९२८ रोजी ती वारली.

आता तिसऱ्या भावाकडे वळतो. त्याची हकीकत सांगताना चार्लीविषयी वाटणाऱ्या आदराला थोडी मुरड घालावी लागते.

व्हीलर ड्रायडन बापाजवळ वाढला. तोही नटच झाला. फिरत्या नाटकमंडळीबरोबर तो भारतात व अतिपूर्वेकडील देशांत हिंडत असता, १९१५ मध्ये त्याला बापाचे पत्र आले, आणि ज्याच्या चित्रांनी जगभर भिंती भरून गेल्या होत्या तो चार्ली चॅप्लिन आपला भाऊ आहे, हे त्याला समजले. त्याने चार्लीला लिहिले. उत्तर आले नाही. सिडनीला लिहिले. तिकडूनही काही नाही. अखेर १९१७ मध्ये त्याने चार्लीच्या चित्रपटांतील नायिका एडना पर्व्हियन्स हिला एक लांबलचक पत्र पाठविले. माझ्या भावापाशी माझी रदबदली करा, मला पैसा नको, भावाने मला भाऊ म्हणावे एवढीच इच्छा आहे, असा त्याचा आशय होता.

ज्या दोघांनी वर्कहाऊसच्या दारात एकमेकांचा हात सोडला नाही, त्यांनी तिसऱ्याला इतकी वर्षे उत्तर का देऊ नये? प्रसिद्ध माणसाला रोज नवे नातेवाईक मिळतात, हे एक कारण असेल. आईच्या त्या काळच्या वागण्याची चर्चा जगापुढे यावी, हे मुलांना सोसले नसेल, हे दुसरे. पण मला वाटते की याहून साधे कारण होते. सिडनी व चार्ली यांचे भाऊपण उदरापेक्षा उपासाने अधिक घट्ट झाले होते. त्या चेरीच्या वाट्यात व्हीलर नव्हता. रक्ताने तो सिडनीइतकाच जवळचा होता, तरी त्यांच्या लेखी परका होता. प्रारंभी मी 'सहोदर' या शब्दाचे जे कौतुक केले, ते या ठिकाणी थोडे अपुरे पडते हे कबूल केले पाहिजे.

दार उघडले ते हळूहळू. व्हीलर अमेरिकेस आला. त्याला आधी जवळ केले ते सिडनीने. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये सिडनीने 'अ लिट्ल बिट ऑफ फ्लफ' हा चित्रपट केला, त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक व्हीलर होता. सिडनी या सुमारास पुन्हा नट म्हणून आपले नशीब अजमावीत होता. १९२५ च्या 'चार्लीज आँट'मध्ये त्याला चांगले यश आले होते. परंतु १९२९ मध्ये इंग्लंडमधील एका नटीने त्याच्यावर गंभीर आरोप केला, तो देश सोडून गेला, आणि नट म्हणून त्याची कारकीर्द तेथेच संपली. चरित्रनायकाच्या भावाचा हा भाग काही लेखक गाळतात. तो गाळण्याचा मला अधिकार वाटत नाही.

चार्लीने व्हीलरला आपल्या चित्रमंदिरात घेतले ते १९३९ च्या सुमारास, पहिल्या पत्रानंतर जवळजवळ चोवीस वर्षांनी. 'द ग्रेट डिक्टेटर' या १९४० च्या बोलपटात व १९४७ च्या 'मस्यू व्हर्दू'त तो साहाय्यक दिग्दर्शक होता. घेतल्यावर मात्र विश्वासाने घेतले, आणि व्हीलरनेही अत्यंत निष्ठेने काम केले. युरोपात युद्धाला तोंड लागले त्याच दिवसांत 'द ग्रेट डिक्टेटर'चे चित्रण चालू झाले. सिडनीही तेव्हा हॉलिवूडमध्ये परत आला होता, आणि रोज एक लहान कॅमेरा घेऊन भावाच्या कामाची रंगीत चित्रफीत घेत होता. बोलपट कृष्णधवल, पण सिडनीच्या फितीत हुकूमशहाच्या शिपायांचे गणवेश रंगीत दिसतात. म्हणजे त्या एका आवारात हॅनाचे तिघे मुलगे होते. माता त्यापूर्वीच अकरा वर्षे गेली होती.

चार्लीच्या चार विवाहांची कथा व अमेरिकेतील राजकीय छळ यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याचे कारण नाही. १९५२ चा 'लाइमलाइट' मात्र वगळता येत नाही. प्रेक्षकांना आता हसू न येणारा म्युझिक हॉलचा एक म्हातारा विदूषक, आणि १९१४ चे लंडन. आईचा बसलेला गळा व बापाची दारू ही दोन्ही त्यात आहेत. आणि पडद्यावर कोण कोण आहे ते पाहावे. नायिकेवर प्रेम करणारा तरुण संगीतकार हा चार्लीचा मुलगा सिडनी. काकाचेच नाव त्याला दिले होते. नृत्यनाटिकेतील एक विदूषक म्हणजे थोरला मुलगा चार्ल्स. आरंभी रस्त्यात दिसणारी मुले म्हणजे जेराल्डीन, मायकेल व जोसेफीन. क्वचित एखाद्या दृश्यात नायिकेऐवजी पत्नी ऊना उभी राहिली आहे. नायिकेला तपासणारा डॉक्टर तो व्हीलर. ज्याच्या पत्रांना एकेकाळी उत्तर मिळत नव्हते, तो आता घरच्याच चित्रपटात सहजपणे येतो आणि जातो.

या चित्रपटाच्या लंडनमधील पहिल्या खेळासाठी चार्ली सहकुटुंब बोटीने निघाला असता, अमेरिकन सरकारने त्याचा परतण्याचा परवाना रद्द केला. १९५३ च्या आरंभी तो स्वित्झर्लंडमध्ये व्हव्हे या गावानजीक स्थायिक झाला. पोटच्या मुलांबरोबर काम करणे भावाबरोबर काम करण्याइतके सोपे नव्हते. १९५७ च्या 'अ किंग इन न्यूयॉर्क'मध्ये बालक मायकेलने उत्तम भूमिका केली. पण तोच मायकेल पुढे घर सोडून लंडनला गेला, आणि १९६५ मध्ये त्याने तेथे निराधारांना मिळणारी सरकारी मदत घेतल्याचे वर्तमानपत्रांत गाजले. वर्कहाऊसच्या दारातून निघालेल्या बापाला ही बातमी कशी लागली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. सिडनीसारखा कडक हिशेबाचा भाऊ मुलांना आपल्या बापात लाभला नाही, कठोर शिस्तीचा दिग्दर्शक मात्र लाभला, असे त्यांच्या आठवणी वाचून वाटते. १९६७ च्या शेवटच्या 'अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग'मध्येही मुलगा सिडनी आहे, आणि लहानशा जागी तीन मुली आहेत.

व्हीलर १९५७ मध्ये लॉस एंजलिस येथे वारला. सिडनी उतारवयात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस येथे राहत असे. तेथून स्वित्झर्लंडमधील भावाकडे त्याचे जाणेयेणे होते, आणि म्हातारपणीही दोघे एकत्र आले की जुन्या कार्नो मंडळीतल्या नकला निघत. १६ एप्रिल १९६५ रोजी सिडनीचे निधन झाले. त्या दिवशी चार्लीला शहात्तर वर्षे पूर्ण झाली होती. त्यानंतर आणखी बारा वर्षांनी, १९७७ च्या नाताळच्या दिवशी, चार्ली गेला. सिडनीने घेतलेल्या त्या रंगीत फिती पुष्कळ वर्षांनी चॅप्लिन कुटुंबीयांच्या घरात सापडल्या.